समोर बसून शिकलेली अक्षरं

३ मार्च

पाणी भरून झालं होतं, अंथरुणं आवरली होती, दूध उतू जाता जाता वाचलं होतं आणि मी गव्हाचं सूप मांडीवर घेऊन दादाच्या समोर बसले होते. मी सात वर्षांची, दादा नऊचा. मधे एक बुटकं टेबल. दादाच्या शेजारी मास्तर, मास्तरांच्या हातात पट्टी, टेबलावर दादाचं पुस्तक. पट्टी अक्षरावर टेकायची, दादा ते म्हणायचा आणि मी खडे वेचता वेचता तेच अक्षर बघायचे. माझ्या बाजूनं ते डोक्यावर उभं असायचं. पण अक्षराचं डोकं कुठलं नि पाय कुठले, हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, असंच असतं ते.

आईनं मला तिथं बसवलं, कारण खिडकीपाशी उजेड होता आणि उजेडात खडे दिसतात. एवढंच कारण.

हे आज आठवलं, कारण दुपारी ह्यांच्या कार्यालयातले हेडक्लार्क येऊन गेले. म्हणाले, "वहिनी, त्यांच्या जागी घरातल्या एकाला घेता येतं. तुम्ही अर्ज करा." ह्यांची जागा म्हणजे दफ्तरखाना. जुने कागद गठ्ठे बांधून ठेवतात ती खोली. सव्वीस वर्षं हे त्या खोलीत होते. मी ती कधी पाहिली नाही, पण ह्यांच्या शर्टांना तिचा वास असायचा. दोन शर्ट मी अजून धुतलेले नाहीत.

फॉर्म ठेवून गेले. मयताचं नाव, मयताशी नातं, वय, शिक्षण. शिक्षणापुढे एक रेघ. त्या रेघेकडे मी दिवे लागेपर्यंत बघत बसले.

ही डायरीही ह्यांचीच. अकरा जानेवारीला लिहिलंय, "गठ्ठे ४१ ते ४५, वाळवीचे औषध मारले." बाराला सकाळी चहाचा कप हातात असताना गेले. पुढची पानं कोरी होती. कोरी पानं मला बघवेनात, म्हणून लिहायला बसले.

४ मार्च

काल लिहिलेलं आज वाचलं. वाचायला डायरी फिरवून घ्यावी लागली. लिहिते सरळ, वाचते उलटं. लिहायला मला ह्यांनी शिकवलं. लग्नानंतर, दुपारी, सासूबाई झोपल्यावर, शेजारी बसून. तेवढेच आम्ही शेजारी बसलो. एरवी वाचन समोरासमोर. हे जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बसायचे आणि मी समोर भाजी निवडायला. सासूबाईंना वाटायचं, सून कामात आहे. हातांचं काम चालूच असायचं, त्यामुळे खोटंही नव्हतं ते.

ह्यांनी एकदा पेपर माझ्याकडे सरळ करून दिला होता. मला तीन ओळींत घेरी आल्यासारखं झालं. हसले, पुन्हा फिरवला, आणि पुढे तेहेतीस वर्षं तसाच ठेवला.

पुस्तकंही त्यांच्या नावावर यायची. वाचनालयातल्या बाईंना वाटायचं, काय हा माणूस, प्रवासवर्णनं वाचतो, बाळंतपणावरचीही वाचतो!

मला वाचता येतं हे ह्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. सांगायचं कसं? अडाणी माणूस शहाण्याचं सोंग आणतो तेव्हा पेपर उलटा धरतो, हा विनोद मी जन्मभर ऐकत आलेय. माझ्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यांचं मासिक पडलं होतं, ते मी हातात घेतलं तर आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "अगंबाई, पंडिता! आधी सरळ तर धर." मांडवभर हसले. त्यानंतर चारचौघांत मी छापील कागदाला हात लावला नाही.

९ मार्च

दादा आला होता. निवृत्त झाल्यापासून त्याला सल्ले द्यायला माणसं कमी पडतात, म्हणून लांबून येतो. फॉर्म बघून म्हणाला, "सरळ लिही, निरक्षर. लाज कसली त्यात? निरक्षर म्हटलं की हलकं काम देतात. पाणी द्यायचं, घंटा वाजली की उठायचं. सुखात राहशील."

"मला वाचता येतं, दादा."

"सही येते गं तुला. सही म्हणजे वाचन नव्हे."

"मला मास्तर कुठे ठेवला होता?"

"तुला आवड तरी कुठे होती?" दादा म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. "तू आपली सूप घेऊन बसायचीस. आम्ही इकडे छड्या खातोय आणि ही बया मजेत खडे वेचतेय. हेवा वाटायचा तुझा."

त्याच्या पुढ्यात टेबलावर पेपर पसरलेला होता. मी समोर भांडी पुसत होते. भांडं खाली ठेवलं आणि त्याच्या बाजूचं पान मोठ्यानं वाचायला लागले. पुलाच्या दुरुस्तीची बातमी होती. ती संपवली, खालची चोरीची वाचली, त्याखाली सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात होती तीही वाचली.

दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पाठ केलंस?"

"आजचा पेपर आहे. तूच घेऊन आलास."

मग म्हणाला, "मास्तर पाढा विचारायचे तेव्हा टेबलाच्या कडेला गव्हाचे दाणे असायचे. सात आठे विचारलं की आधी पाच दाणे, मग जरा लांब सहा. ते..."

"ते काय आपोआप पडायचे?"

"मला वाटायचं, देव मदत करतोय."

"देवाला आईनं गहू निवडायला बसवलं होतं."

असा हसला की ठसकाच लागला. मी पाणी दिलं. पाणी पिता पिता डोळे पुसले, ते ठसक्यानं पुसले की कशानं, कुणास ठाऊक. जाताना दारात म्हणाला, "मी सगळ्यांना सांगत आलो, मी एकट्याच्या हिमतीवर शिकलो." मी म्हटलं, "छड्या तर तू एकट्यानंच खाल्ल्यास ना? मग झालं."

फॉर्मवर शिक्षणापुढे मी लिहिलं, "घरी."

१४ मार्च

आज चाचणी झाली. लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते.

कार्यालयात नव्या मॅडम आल्या आहेत. पस्तिशीच्या असतील. मोठं टेबल, टेबलावर काच, काचेखाली टेलिफोन नंबरांचा कागद. त्या फोनवर बोलत होत्या तेवढ्यात मी तो समोरून अख्खा वाचला. पाणीखात्याच्या नंबरातला एक आकडा खोडून वर दुसरा लिहिला होता. मनात म्हटलं, आज निभावणार.

"घाबरू नका, काकू," म्हणाल्या आणि एक कागद माझ्या हातात दिला. त्यांच्या हातात होता तोवर मी पहिल्या दोन ओळी वाचल्याही होत्या. दिला तो मात्र माझ्याकडे सरळ करून. माणसं सभ्यपणे कागद देतात ते असाच देतात.

फिरवून घ्यायला हवा होता. हात उचललाही. दारात शिपाई उभा होता, बाजूला दोन कारकून कसल्याशा सहीसाठी थांबले होते. मला मांडवातली आत्या ऐकू आली. हात खाली आला आणि मी सरळ कागद वाचायला लागले. परि... पत्रक. सर्व... वि... विभाग. दुसरीतलं पोर वाचेल त्याहून वाईट. घाम कानामागून खाली येत होता. चौथ्या ओळीला मॅडम म्हणाल्या, "पुरे पुरे. छान वाचलंत."

आणि खाली मान घालून माझ्या फॉर्मवर शेरा लिहू लागल्या. "वाचन अडखळत. दफ्तरखान्यासाठी अयोग्य. पाणी देण्याच्या कामावर विचार व्हावा."

फार सुंदर अक्षर आहे त्यांचं. टपोरं, सुटं सुटं. समोरून वाचायलाही काही त्रास पडला नाही.

"कळवू आम्ही, काकू," म्हणाल्या. मी नमस्कार करून आले.

१५ मार्च

राग का येत नाही, हेच कळत नाही. त्या वाईट वागल्या नाहीत. चांगलं वाटावं म्हणून "छान" म्हणाल्या. त्यांनाही कुणीतरी भांडून पुढच्या बाकावर बसवलं असेल, तेव्हा कुठे त्या टेबलामागे बसल्या.

एक मात्र खरं, मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. उघडलं नाही. दुसऱ्याचं वाचल्याबद्दल लहानपणी मार खाल्लाय मी. मास्तरांनी दादाला शब्द विचारला, दादाला येईना, माझ्या तोंडून निघून गेला. मास्तर हसले. आईनं मात्र आत नेऊन पाठीत दोन घातले. "पोरगं समोर चुकतंय आणि तू शहाणपणा करतेस?" तेव्हापासून दाणे.

हे असते तर म्हणाले असते, असू दे, घरी बस. की म्हणाले नसते? दोन महिन्यांत त्यांचा आवाज आठवायला वेळ लागायला लागलाय. चप्पल काढतानाचा आवाज मात्र चटकन आठवतो.

२२ मार्च

लेक आठ दिवसांसाठी आलीय. ती शाळेत पहिलीला शिकवते. तिला सगळं सांगून टाकलं. आधी हसली, मग चिडली, मग मास्तरीणबाई झाली. "आई, सरळ धर. रोज तासभर. महिन्यात जमेल. माणसं असं वाचत नाहीत गं."

चार दिवस करतेय. डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटतं. घास तोंडात जातो, पण जेवल्याचं समाधान नाही. अक्षर ओळखायचं, मग मनात फिरवायचं, मग पुढचं. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. काल मी पुस्तक बाजूला ठेवलं तर म्हणते कशी, "माझ्या वर्गात असं आळशीपण चालत नाही हं." मी म्हटलं, "तुझ्या वर्गातल्या पोरांना दुपारी धुणं वाळत घालायचं नसतं."

आज मात्र गंमत झाली. ती म्हणाली, "लहानपणी तू मला खिडकीच्या बाजूला बसवायचीस आणि स्वतः समोर बसायचीस. मला वाटायचं, माझ्यावर लक्ष ठेवतेस."

"ठेवतच होते. आणि तुझं पुस्तक वाचत होते."

"कुठपर्यंत?"

"दहावीपर्यंत गेले की तुझ्याबरोबर. परीक्षा तेवढी दिली नाही. पुढे तू खोलीचं दार लावून अभ्यास करायला लागलीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "दार उघडं ठेवलं असतं गं मी." आणि थोड्या वेळानं, भाकरी खाता खाता, "वर्गात एक मुलगी आहे, पुस्तक आडवं धरते. रोज सरळ करून देते मी. का धरतेस असं, हे कधी विचारलंच नाही."

विचारलं तर त्या मुलीला सांगता येईल की नाही, कुणास ठाऊक. मला आलं नसतं.

२८ मार्च

हेडक्लार्क ह्यांच्या खणातल्या वस्तू घेऊन आले. चष्म्याचं घर, सुतळीचा गुंडा, अर्धी झिजलेली पेन्सिल, वाळवीच्या औषधाची चिठ्ठी. चहा घेता घेता खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आदेश अजून निघालेला नाही. पाच तारखेला सही होईल. दफ्तरखान्यावर दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं चाललंय. तुम्हाला पाण्याच्या कामावर घेतील."

मी म्हटलं, "कळलं."

मग ते ह्यांच्या आठवणी काढत बसले. म्हणाले, "काय वाचायचा तो माणूस! आम्ही दोन ओळी वाचेपर्यंत त्यांचं पान संपलेलं असायचं. फाइल आली की चाळली, आणि खालचा मुद्दा तोंडपाठ. साहेब लोक त्यांना म्हणायचे, वाऱ्याचं पान."

गेलेल्या माणसाबद्दल लोक काहीही बोलतात. चांगलं बोलतात, तेव्हा आपण का अडवावं? पण घरी तर एका पानाला अर्धा अर्धा तास. मी शेवटची ओळ संपवून, मान वर करून त्यांच्या चष्म्याकडे बघायचे, तेव्हा कुठे स्वारी पान उलटायची. मी चिडवायचेही. "झालं का? का गाडी स्टेशनातच उभी आहे?" ते म्हणायचे, "अगं, म्हाताऱ्याला जरा दमानं घेऊ दे." तेव्हा चाळिशीचे होते.

झिजकी पेन्सिल डायरीत ठेवली आहे. आजचं तिनंच लिहिलंय.

१ एप्रिल

झोप नाही. पाण्याचं काम वाईट आहे असं मुळीच नाही. तहानलेल्याला पाणी देणं हे कुठल्याही फाइलपेक्षा मोठं काम, असं हे म्हणाले असते. पण ती खोली मला हवी आहे. ह्यांनी बांधलेले गठ्ठे दुसऱ्या कुणी सोडावेत, गाठ बघून "कुणी बांधलंय हे असं" म्हणावं, हे मला नको. ह्यांची गाठ मला सोडता येते. उजवं टोक आत असतं.

आणि दुसरं, खरं. मला ते कागद वाचायचे आहेत.

२ एप्रिल

गेले.

शिपाई म्हणाला, मॅडम कामात आहेत. मी म्हटलं, थांबते. बाकावर दोन तास बसले. आत बोलावलं तेव्हा त्या डबा खात होत्या. "बोला काकू, काही अडचण?"

मी उभ्यानंच म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही 'अडखळत' लिहिलंत, ते बरोबर होतं. 'अयोग्य' लिहिलंत, ते मला पटलं नाही."

त्यांचा घास हातातच राहिला. "शेरा तुम्हाला कुणी दाखवला?" आवाज कडक झाला. हेडक्लार्क अडचणीत येतील असं वाटून मी घाईनं म्हटलं, "कुणी नाही. तुम्ही लिहीत होतात तेव्हाच वाचला. समोरून."

"समोरून."

"मला समोरूनच वाचता येतं."

मग सगळं सांगितलं. सूप, मास्तर, दादा, दाणे. इतकं सलग मी कुणापुढे बोलले नव्हते. त्यांनी डबा मिटला. मागच्या कपाटातून एक फाइल काढली, स्वतःकडे सरळ ठेवून उघडली आणि म्हणाल्या, "वाचा."

मी वाचायला लागले. कुणाच्या तरी रजेचा अर्ज होता. पत्नीची शस्त्रक्रिया, आठ दिवस. खाली शेरा, मग त्यावर दुसऱ्याचा शेरा, मग पुन्हा अर्ज, या वेळी सासूची शस्त्रक्रिया. त्या पान उलटत होत्या आणि मी वाचत होते. पाचव्या अर्जात पुन्हा पत्नीचीच शस्त्रक्रिया आली तेव्हा मी म्हटलं, "ह्या बाईत आता काढायचं काय शिल्लक राहिलं असेल?"

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की शिपाई आत डोकावला. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "काही नाही. दार लाव."

मग गंभीर झाल्या. "त्या दिवशी कागद फिरवून का घेतला नाहीत?"

"लोक उभे होते."

त्या काचेवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कॉलेजात वर्कशॉपच्या तासाला आम्ही दोघीच मुली होतो. मला कानस धरता येत नव्हती. शिकवणारे सर मुलांना दाखवायचे, मला म्हणायचे, तू नुसती वही लिही, छान लिहितेस. पहिला नंबर आला माझा. कानस अजून धरता येत नाही." आणि फॉर्म काढून आपल्याच शेऱ्यावर रेघ मारली. खाली काय लिहिलं ते वाचलं जाऊ नये म्हणून मी मुद्दाम भिंतीकडे बघत बसले.

"बघा की," म्हणाल्या. "आता कशाला लाजता?"

"वाचन समोरून उत्तम. दफ्तरखान्यासाठी योग्य. टेबल भिंतीला लावू नये, दोन्ही बाजूंनी बसता यावे."

१८ एप्रिल

सोमवारपासून जाते आहे. खोली मला वाटली होती त्याहून लहान, आणि ह्यांच्या सांगण्यापेक्षा अंधारी. मधे टेबल, दोन खुर्च्या समोरासमोर. दुसरी खुर्ची कशाला, विचारलं तर हेडक्लार्क म्हणाले, "त्यांनीच ठेवून घेतली होती. कुणी बसायचं नाही. हलवूही द्यायचे नाहीत."

४१ ते ४५ उघडून बघितले. वाळवी नाही.

२६ एप्रिल

आज माझी फजिती झाली. आठवडाभर खपून मी एक कपाट नव्यानं लावलं. प्रत्येक गठ्ठ्याला नवी चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, स्वतःच्या हातानं. मन भरून बघितलं आणि हेडक्लार्कांना बोलावलं. ते दारातच थबकले. मान वाकडी केली. मग दुसऱ्या बाजूला वाकडी केली.

"वहिनी, अख्खं कपाट शीर्षासन करतंय."

एकशे बारा गठ्ठे. चिठ्ठ्या लिहिल्या होत्या सरळ, बांधल्या होत्या मला वाचता येतील तशा. सगळं कार्यालय येऊन बघून गेलं. मॅडमही आल्या. मला वाटलं, आता मांडव हसणार. हसलेच, पण मीही हसत होते, तेव्हा तसं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या फिरवल्या. तळाच्या फळीवरच्या चार तेवढ्या तशाच ठेवल्या आहेत. तिथं कुणी वाकून बघत नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगावं म्हणून चप्पल काढता काढता तोंड उघडलं.

९ मे

बरेच दिवस लिहिलं नाही. काम आहे, आणि वाचायलाही खूप आहे. पण हे लिहून ठेवायला हवं.

पाण्याच्या कामावर, म्हणजे मला मिळणार होती त्या जागी, एक मुलगी लागलीय. मुलगी म्हणजे तिशीची, पदरात दोन लेकरं. नवरा सोडून गेलाय, असं लोक म्हणतात. ती स्वतः काही म्हणत नाही. दुपारी मी डबा खाऊन जुना पेपर पसरते तेव्हा पाण्याचा जग ठेवायला येते आणि जरा जास्तच वेळ रेंगाळते. पेपर माझ्याकडे उलटा असतो हे तिनं पाहिलंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पदर तोंडाला लावला होता.

सोमवारी तिला म्हटलं, "बस ना. खुर्ची रिकामीच आहे."

बसली, पण कडेला, हाक आली की उठायच्या बेतानं. थोड्या वेळानं म्हणाली, "मावशी, तुम्हाला खरंच कळतं असं?"

"कळतं. तुला?"

"मी तिसरीपर्यंत होते." टेबलावरचं पाणी बोटानं पुसत म्हणाली. "मग धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी ठेवलं. अक्षरं सगळी ओळखते मी. जुळवायला वेळ लागतो. धाकटा अभ्यास करायचा तेव्हा बघायचे पाठीमागून. माझी एक ओळ होते न होते तोच तो पान उलटायचा. थांब म्हणायची सोय नव्हती, काम टाकून बघतेय हे आईला कळलं असतं. कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत ठाऊक नाही मला. अर्ध्या अर्ध्याच आहेत सगळ्या."

बाहेर घंटा वाजली. ती जग उचलून गेली. मी पेपर समोर घेऊन बसले, पण त्या दुपारी माझं एक अक्षर वाचून झालं नाही. समोरच्या खुर्चीकडे बघत होते. खूप वेळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी डबा लवकर आटपला, पेपर तिच्या बाजूनं सरळ करून टेबलावर पसरला आणि समोर बसले. ती आली, बसली, बोट ठेवून वाचू लागली. माझं पान केव्हाच वाचून झालं होतं. मी सुतळी वळत राहिले. तिनं शेवटची ओळ संपवून मान वर केली, तेव्हा मी पान उलटलं.